लाल दिवा, उसाचा ट्रॅक्टर आणि मागचा हॉर्न

पत्राचा सारांश: परभणी जिल्ह्यातल्या एक शिक्षिका रोज स्कुटीवरून शाळेला जातात, मागे शाळेतल्याच एक बाई असतात. वाटेत राज्य महामार्गावर पुलाचं आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या रस्त्याचं काम चालू आहे. निम्मा रस्ता उकरलेला, उरलेल्या निम्म्यावरून आळीपाळीने वाहतूक. पट्टा साधारण तीनशे मीटरचा आणि दोन्ही टोकांना सोलरवर चालणारे तात्पुरते सिग्नल. त्या लिहितात: "लाल लागला की मी थांबते. लगेच मागून हॉर्न सुरू होतात. जीपवाले शिव्या घालत पुढे काढतात, दुचाकीवाले तर थांबतच नाहीत. मागच्या आठवड्यात माझा हिरवा असताना जवळपास मध्यावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्यांचा. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला काळी माती. कशाबशा वाचलो. मिस्टर म्हणतात, चार लोक जातात तशी तूही जा, एकटी थांबलीस तर मागून कुणीतरी उडवेल. मला वाटतं, आपल्या लोकांना शिस्तच नाही. दंडुका दिसल्याशिवाय हे सुधारायचे नाहीत. लाल तोडणाऱ्यांचे व्हिडिओ काढून तालुक्याच्या ग्रुपवर टाकावेत असं मनात आहे. काय करू?"

ताई, थांबणं सोडू नका. एवढं आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं उत्तर लांबणार आहे आणि त्यात तुमच्या पत्रातल्या काही गोष्टींवर शंकाही घ्यायची आहे.

पहिली शंका त्या ट्रॅक्टरबद्दल. त्याने लाल तोडला असं तुम्ही धरून चालला आहात. पण त्याच्या टोकाला कोणता दिवा होता, हे तीनशे मीटरवरून तुम्हाला दिसणं शक्य नव्हतं. तो हिरव्यावर निघालेला असू शकतो. कसा, ते बघू.

आळीपाळीच्या सिग्नलमध्ये हिरवा, पिवळा, लाल यांच्याशिवाय आणखी एक वेळ लावावी लागते. एका टोकाचा हिरवा संपल्यावर काही सेकंद दोन्ही टोकांना लालच ठेवायचा, म्हणजे आत शिरलेली शेवटची गाडी बाहेर पडते. याला ऑल-रेड म्हणतात. सगळ्या व्यवस्थेचा जीव या एका आकड्यात असतो. तीनशे मीटर ताशी २५ किलोमीटरने जायला जीपला ४३ सेकंद लागतात. म्हणून सिग्नल लावणारा ३ सेकंद पिवळा आणि ४० सेकंद ऑल-रेड लावतो आणि काम झालं असं समजतो. भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर खडबडीत मुरमावरून ताशी दहाने चालतो, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. त्याला तोच पट्टा पार करायला १०८ सेकंद हवेत. हिरव्याच्या शेवटच्या सेकंदाला तो आत शिरला तर ४३ सेकंदांत जेमतेम १२० मीटर येतो. १८० मीटर बाकी असतानाच तुमचा हिरवा लागतो. तुम्ही ताशी २५ ने निघालात की अठरा-एकोणीस सेकंदांत तो तुमच्यासमोर. त्या वेळी तुम्ही तुमच्या टोकापासून साधारण १३० मीटरवर असता. तुमच्या पत्रात "जवळपास मध्यावर" असंच आहे.

त्याने लाल तोडलाच नाही असा याचा अर्थ नाही, पण लाल न तोडताही हा प्रसंग नेमका असाच घडतो. आणखीही एक शक्यता आहे. त्या तीनशे मीटरांच्या आत एखादा पांदण रस्ता, शिवरस्ता, शेतातल्या आखाड्याकडे जाणारी वाट किंवा पेट्रोल पंप लागतो का? तिथून निघणाऱ्याला कुठलाच दिवा दिसत नाही. ऊस भरून रानातून सरळ मध्येच रस्त्यावर आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने कोणता लाल पाळायचा? उद्या जाताना दोन्ही बाजूंच्या अशा वाटा मोजा.

उद्या सकाळी जायचं तर आहेच, तेव्हा आधी गाडी चालवण्याचं. तुमच्या मिस्टरांची भीती खोटी नाही. महामार्गाच्या वेगाने येणाऱ्यापुढे लाल दिव्यावर एकट्या स्कुटीने उभं राहण्यात धोका आहे. पण त्यावर उपाय आत घुसण्याचा नाही, कारण मागून बसलेल्या धडकेपेक्षा त्या अरुंद पट्ट्यात समोरासमोरची धडक वाईट, आणि तिथे बाजूला व्हायला जागाही नसते. उपाय आहे तो थांबण्याच्या पद्धतीत. दिवा लांबून दिसला की वेग हळूहळू उतरवा. ब्रेक दोन-तीनदा हलका दाबून सोडा म्हणजे मागचा दिवा लुकलुकतो. थांबल्यावरही ब्रेक दाबूनच ठेवा. पूर्ण डावीकडे, खोदकामाच्या कडेला चिकटून उभं राहू नका. तिथे तुम्ही ट्रकच्या केबिनमधून दिसत नाही आणि कडेचा भराव नवा असेल तर खचतो. लेनच्या मध्यापासून थोडं डावीकडे, पुढच्या गाडीपासून एका स्कुटीभर अंतर सोडून थांबा आणि मागे दोन गाड्या उभ्या राहीपर्यंत नजर आरशात ठेवा. पुढे अंतर सोडलेलं असलं की मागचा थांबत नाहीसं वाटल्यास सरकायला वाव राहतो. हेल्मेट दोघींनाही.

ज्याला पुढे जायचंय त्याला जाऊ द्या. आडवं लावून अडवू नका, हातवारे करू नका. जमलं तर वेळ अशी धरा की एसटीच्या मागे राहाल. एसटी लालवर उभी राहिली की मागची जीप-पिकअप आपोआप अडते; तुम्हाला आडोसाही मिळतो आणि शिव्याही पडत नाहीत. ट्रकच्या किंवा हायवाच्या (मोठ्या डंपरच्या) डाव्या अंगाला मात्र कधीच उभं राहू नका.

हिरवा लागला म्हणजे रस्ता रिकामा आहे असं नाही. हिरव्यानंतर दोन-तीन सेकंद थांबा, पट्टा शेवटपर्यंत नजरेने पाहून घ्या, आणि आत धुरळा उडताना दिसला तर तो खाली बसू द्या. आत गेल्यावर समोरून गाडी आलीच, तर मागे कुणी सरायचं? हिरवा कुणाचा होता यावर तिथे वाद घालू नका. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागे घेताच येत नाही. दोन सांधे असल्यामुळे मागची ट्रॉली हव्या त्या दिशेने वळत नाही, आडवी होते. बसला मागून सांगणारा माणूस लागतो. म्हणून सरायचं स्कुटीने, मग कारने. मागच्या बाईंना उतरवा, स्कुटी बंद करून हाताने मागे ओढा. काळ्या मातीत मात्र उतरू नका. कोरडी असेल तर भेगेत चाक अडकतं, ओली असेल तर मडगार्ड आणि टायरच्या मधे माती भरून चाक जाम होतं. टाकलेल्या मुरमावर जागा असेल तिथेच थांबा.

दिवा अडकला असेल तर? पाच-सहा मिनिटं लाल हललाच नाही, तर समोरून येणाऱ्याला किंवा कामावरच्या माणसाला विचारा. समोरची रांग संपून पलीकडे कुणीतरी गाड्या थांबवल्याचं कळल्यावरच निघा. काही सिग्नलमध्ये दोन्ही टोकांचा संपर्क तुटला की दोन्हीकडे लालच राहावा अशी सोय असते. म्हणजे न बदलणारा लाल हा बिघाड असू शकतो. तो कळवण्यासारखा आहे, पण म्हणून आंधळेपणाने आत शिरू नका. दिवा पूर्ण विझलेला असेल तर सिग्नल नाहीच असं समजा: थांबा, पाहा, हेडलाइट लावून निघा.

आता शिस्तीबद्दल. आपल्या लोकांना शिस्त नाही या वाक्याची अडचण अशी की ते म्हटल्यावर करण्यासारखं काही उरत नाही. वरचाच हिशोब पुढे नेऊ. समजा, अभियंत्याने ट्रॅक्टर धरून ऑल-रेड १०५ सेकंद केली. दोन्हीकडे ४५ सेकंद हिरवा. मग प्रत्येक टोकाला २५८ सेकंद लाल, म्हणजे सव्वाचार मिनिटांच्या वर. त्यात समोरून शेवटी आलेली गाडी कार असेल तर ती बाहेर पडल्यानंतर मिनिटभराहून जास्त वेळ जीपवाला रिकाम्या रस्त्याकडे बघत बसतो. तिसऱ्या दिवशी तो निघतो. आणि ४० सेकंदांची छोटी ऑल-रेड ठेवली तर लाल दोन मिनिटांवर येतो, पण हिरव्यात ट्रॅक्टर समोर येतो. एक-दोनदा असं झालं की लोक दिव्यापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवायला लागतात. वाकून बघायचं, कुणी दिसलं नाही की जायचं. म्हणजे वेळ लांब असो की आखूड, त्या दिव्यावरचा विश्वासच उडतो. ऊसतोडीच्या हंगामात, साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत, तीनशे मीटरला कुठलाही एक ठराविक आकडा जमत नाही. बैलगाडी आली तर विषयच संपला. तिला हेच अंतर पाच मिनिटं पुरतं.

निव्वळ उद्दामपणाने लाल तोडणारे आहेत, नाही कोण म्हणतं. पण सगळ्या तोडणाऱ्यांना एकाच मापाने मोजू नका. काही जण पिवळ्यात किंवा लाल लागल्यावर पहिल्या चार-पाच सेकंदांत पुढच्याच्या शेपटीला धरून आत जातात. ते धोक्याचे असले तरी ऑल-रेड पुरेशी असेल तर सामावतात. काही जण लाल चालू असताना मध्येच, रिकामा रस्ता पाहून निघतात. हे वाट पाहण्याचे बळी आहेत आणि लाल आखूड केला की यांतले बरेच थांबतात. काहींना दिवा दिसतच नाही: पूर्व-पश्चिम रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ ऊन नेमकं दिव्याच्या काचेवर किंवा चालकाच्या डोळ्यात असतं, हायवाच्या धुरळ्याने काच मातकट झालेली असते, दोन-चार दिवस ढगाळ गेले की सोलरची बॅटरी मंद होते. आणि दुचाकीवाले. त्यांना वाटतं, आपल्यापुरती जागा आहे. पट्टा साडेतीन मीटरचा, बस अडीच मीटरच्या पुढे, दुचाकीचं हँडल पाऊण मीटरच्या आसपास. उरलं काय ते बघा, आणि ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस त्यात धरलेला नाही. पण उघडा पट्टा पाच-साडेपाच मीटरचा ठेवलेला असेल तर दुचाकीवाल्याला मोह होणारच. तिथे ड्रम लावून रस्ता एका गाडीचाच दिसेल असा आवळावा लागतो.

लाल तोडण्यापेक्षा मोठी कटकट आणखी एक आहे आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. लाल लागल्यावर लोक रांगेत थांबत नाहीत, उजवीकडून पुढे येऊन समोरच्या लेनमध्ये दुसरी-तिसरी रांग लावतात. मग पलीकडून हिरव्यावर रीतसर आलेल्या बसला बाहेर पडायलाच जागा नसते. ती पट्ट्यात अडकते, तिच्या मागचे अडकतात, तोवर या बाजूचा हिरवा लागतो आणि कोंडी. यांतल्या कुणीही कदाचित लाल तोडलेला नसतो. याला दंड हा उपाय नाही. थांबण्याच्या जागेअलीकडे तीस-चाळीस मीटर रस्त्याच्या मधोमध वाळू किंवा पाणी भरलेले प्लास्टिकचे अडथळे सलग लावले की दुसरी रांग लावता येत नाही. मुरमाचे ढीग आणि चुना मारलेले दगड नकोत. रात्री तेच जीव घेतात.

म्हणून व्हिडिओच्या आधी मोजणी करा. एका रविवारी आणि एका बाजाराच्या दिवशी, शाळेच्या वेळेत किंवा संध्याकाळी, अर्धा तास. दोघी जणी, दोन टोकांना, फोन लावून. उभं राहायचं रस्त्याच्या बाहेर, खोदकामाच्या भरावावर नाही. पट्ट्याची लांबी मोजायची ती एका थांबण्याच्या जागेपासून दुसऱ्या थांबण्याच्या जागेपर्यंत, नुसत्या खड्ड्याची नाही. फोनच्या नकाशावर मोजता येते. हिरवा, पिवळा, लाल यांचे सेकंद दोन्ही टोकांना. एका टोकाला लाल लागल्यापासून दुसऱ्या टोकाला हिरवा लागेपर्यंतचे सेकंद, हीच ऑल-रेड, आणि ती दोन्ही दिशांना वेगळी मोजा; वेगळी निघाली किंवा दर फेरीला बदलली तर दोन डब्यांची घड्याळं जुळलेली नाहीत. दोन्ही टोकांना एकाच वेळी हिरवा दिसला तर मोजणी तिथेच थांबवा, कामावरच्या सुपरवायझरला सांगा आणि ११२ ला फोन करा. हा अर्ज करत बसण्याचा विषय नाही. मग पाच ट्रॅक्टर, दोन बस आणि पाच कार यांना पट्टा पार करायला लागलेले सेकंद. शेवटी लाल तोडणारे, पण दोन रकान्यांत: लालच्या पहिल्या पाच सेकंदांत गेलेले आणि नंतर गेलेले. हा एक कागद दहा व्हिडिओंपेक्षा वजनदार ठरतो, कारण तो वाचून अभियंत्याला नेमकं काय बदलायचं ते कळतं.

मागायचं काय, तेही नेमकं असू द्या. सगळ्यात वर पट्टा आखूड करण्याची मागणी. तीनशेऐवजी दीडशे मीटरचे दोन टप्पे केले तर ट्रॅक्टरला ५४ सेकंद पुरतात आणि त्याला पुरेल एवढी ऑल-रेड ठेवूनही लाल अडीच मिनिटांवर येतो. ठेकेदार नाही म्हणेल. त्याला लांब पट्टा सोयीचा, यंत्र एकदा लावलं की सलग काम होतं, गिट्टीही तिथेच टाकता येते. निदान काम संपलेला भाग लगेच मोकळा करून सिग्नल आत सरकवा, एवढं तरी मागा. बऱ्याच ठिकाणी खोदकाम उरलेलं असतं साठ मीटर आणि सिग्नल उभे असतात पहिल्या दिवशीच्या जागी. एवढी साधी गोष्ट कुणी करत नाही हे चीड आणणारं आहे. पट्टा आखूड होत नसेल तर मध्यावर दाबून घट्ट केलेल्या मुरमाची बाजूला घ्यायची जागा मागा, ट्रॅक्टर उभा राहील एवढी.

दुसरं, ऊस चालू आहे तोवर दिवसा झेंडीवाले. दोन्ही टोकांना माणूस, अंगात चमकणारं जाकीट, हातात कापडाच्या तुकड्याऐवजी एका बाजूला लाल 'थांबा' आणि दुसऱ्या बाजूला 'हळू' असलेली पाटी. दोघांना एकमेकांचं टोक दिसत नसेल तर वॉकी-टॉकी. नुसतं "सोडू का?" पुरत नाही, "शेवटची गाडी पांढरी पिकअप, मागचे आकडे अमुक" असं सांगायचं, आणि ती बाहेर पडल्याशिवाय पलीकडच्याने सोडायचं नाही. वॉकी-टॉकी बंद पडली तर शेवटच्या गाडीवाल्याच्या हाती एक ठराविक झेंडी द्यायची, ती पलीकडे पोचली की तिकडची रांग सुटते. रेल्वेच्या एकेरी मार्गावर टोकन देत तीच युक्ती. पण माणूस हातवारे करतोय आणि त्याच्या डोक्यावर सिग्नल आपलाच लाल-हिरवा खेळतोय, असं चालणार नाही. दोन्हींत विसंगती आली की लोक दोन्ही सोडतात. झेंडीवाला असताना सिग्नल हाताने चालवायचा किंवा झाकायचा. मधल्या शिवरस्त्याच्या तोंडाला तिसरा माणूस.

बाकीचं किरकोळ, पण लागतं: काच रोज पुसणं, दिव्याला उन्हाची टोपी आणि मागे काळी पाटी, थांबायच्या जागेची ठळक पाटी (मुरमावर पांढरा पट्टा टिकत नाही), आणि अलीकडे पुरेशा अंतरावर 'काम चालू', 'रस्ता अरुंद', 'पुढे सिग्नल' या चमकणाऱ्या पाट्या. कामाच्या जागी वाहतूक कशी हाताळायची याचे भारतीय रस्ते काँग्रेसचे मार्गदर्शक नियम आहेत, आयआरसी एसपी ५५. अर्जात हा क्रमांक लिहा. कार्यालयात तो सगळ्यांना माहीत असतो.

दंडुक्याचं म्हणाल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. तात्पुरता सिग्नल ठेकेदाराचा, तो पाळायची सक्ती नाही, असा एक समज आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११९ नुसार सिग्नलच्या विद्युत यंत्रणेने दिलेली सूचना पाळणं चालकाला बंधनकारक आहे, आणि कलम १८४ मध्ये लाल दिवा तोडणं हे धोकादायक चालवण्यात धरलं आहे: पहिल्या वेळी एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. मात्र पोलिसांना बोलवायचं ते वेळा दुरुस्त झाल्यानंतर, पहिला आठवडा. खोट्या वेळा लावलेल्या सिग्नलवर पावती फाडली तर लोक सिग्नललाही शिव्या घालतात आणि पोलिसांनाही.

आणि ग्रुपवरचे व्हिडिओ? टाकू नका. स्कुटी चालवताना फोन हातात घेणं त्याच कलम १८४ मध्ये येतं, हे एक. दुसरं, तालुक्याच्या ग्रुपवर नंबरप्लेट गेली की ती कुणाच्या तरी मामाची, चुलत्याची निघते. दुसऱ्या दिवशी भांडण तुमच्या शाळेच्या दारात येतं आणि ऑल-रेड तेवढीच राहते. व्हिडिओ काढायचाच असेल तर उभं राहून सिग्नलचा काढा, एक पूर्ण फेरी, माणसांचे चेहरे न घेता, आणि तो कार्यालयात द्या. एखादी गाडी खरोखरच कुणाच्या जिवावर उठली असेल तर तिचा नंबर, वेळ आणि ठिकाण ११२ ला कळवा.

कारखान्याच्या शेतकी विभागाला एक वेगळं पत्र द्या. हे बहुतेक जण विसरतात. ट्रॅक्टर कोणत्या वेळी निघतात हे चिटबॉयला, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, माहीत असतं. शाळा भरायच्या आणि सुटायच्या अर्ध्या तासात ट्रॅक्टर त्या पट्ट्याच्या अलीकडे थांबवणं, मागच्या ट्रॉलीला लाल चमकपट्टी लावणं, उसाची लोंबती टोकं छाटणं, एवढंच मागा. एसटीच्या आगार व्यवस्थापकांनाही चार ओळी: चालकांनी लालवर रांगेतच थांबावं, उजवीकडे काढू नये.

अर्ज कुणाला, ते कामावरच्या फलकावर बघा. त्यावर कामाचं नाव, खातं, ठेकेदार आणि मुदत असते. फलक नसेल तर किलोमीटरचा दगड बघा: वर हिरवा रंग म्हणजे राज्य महामार्ग, पिवळा म्हणजे राष्ट्रीय. तुमचा राज्य महामार्ग, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग: अर्ज उपअभियंत्याला, प्रत कार्यकारी अभियंत्याला, पोलीस ठाण्याला आणि जिल्हाधिकाऱ्यांना, कारण जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष ते असतात. राष्ट्रीय महामार्गावर अशीच अडचण असलेल्या वाचकांसाठी १०३३ हा क्रमांक आहे. तुम्हाला तो उपयोगी नाही. अर्जावर मुख्याध्यापकांची आणि सरपंचांची सही घ्या, एकट्या बाईचा अर्ज म्हणून तो बाजूला पडायला नको. मोजणीचा कागद जोडा, मागण्या चारच ठेवा, पोच घेताना शिक्का आणि आवक क्रमांक बघून घ्या. आठवड्यात हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून या कामाच्या मंजूर वाहतूक व्यवस्थापन आराखड्याची प्रत आणि वाहतूक सुरक्षेपोटी आजवर दिलेल्या देयकांचा तपशील मागा. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, पण झेंडीवाले बहुधा त्याआधी उभे राहतात.